प्रीमेड मुलांची स्वयंसेवा: दहा ठिकाणी थोडी थोडी, की एका ठिकाणी टिकून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेत, न्यू जर्सीत राहते. गेली अकरा वर्षं आमच्या गावातल्या एका मोफत दवाखान्यात मंगळवार संध्याकाळच्या स्वयंसेवकांचं वेळापत्रक लावते. विमा नसलेली, दोन-दोन नोकऱ्या करून थकलेली माणसं तिथे येतात. त्यांच्या मदतीला कॉलेजची मुलं येतात. त्यातली बरीचशी प्रीमेड, म्हणजे पुढे डॉक्टर व्हायच्या तयारीतली, असतात आणि त्यात आपलीही पुष्कळ असतात. मंडळाच्या कार्यक्रमात, डोहाळजेवणात, विमानतळावरच्या रांगेत, जिथे भेट होईल तिथे आईवडील मला तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली. यातली मतं माझी आहेत. ती या मुलांना जवळून बघून झालेली आहेत.

आमच्या वेळी मार्क पुरायचे. इथे डॉक्टर व्हायला स्वयंसेवा कशाला लागते?

भारतात आजही एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या ७२० पैकी किती मिळाले यावर ठरतो. एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास भरले, सात दिवसांच्या शिबिरात श्रमदान केलं, तरी त्या प्रवेशाशी त्याचा संबंध नसतो. इथली घडणच वेगळी आहे. आधी चार वर्षांची पदवी, तीही कुठल्याही विषयात. तिच्या जोडीला जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र असे ठरलेले विषय. मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग मेड स्कूलची, म्हणजे वैद्यकीय कॉलेजची, चार वर्षं आणि त्यानंतर रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण. प्रीमेड नावाचा वेगळा अभ्यासक्रम नसतो, या वाटेवर चालणाऱ्याला प्रीमेड म्हणतात. एमडीसाठी, म्हणजे इथल्या डॉक्टरच्या मूळ पदवीसाठी, दर वर्षी ५० हजारांच्या आसपास अर्ज येतात आणि प्रवेश साधारण २३ हजारांना मिळतो. चांगला जीपीए (कॉलेजच्या गुणांची सरासरी) आणि चांगला एमकॅट असलेली मुलं त्या गर्दीत भरपूर असतात. म्हणून प्रवेश समिती आणखी एक गोष्ट शोधते. या मुलाने आजारी, त्रासलेली, कधी कधी चिडलेली माणसं जवळून पाहिली आहेत का, आणि ते पाहूनही त्याला पुढच्या आठवड्यात परत जावंसं वाटलं का?

मग सरळ सांगा. एकच काम धरायचं की पाच-सहा?

एक धरायचं. फार तर दोन. घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल, पण कारण समजून घेतलंत तर मुलाशी बोलताना उपयोगी पडेल.

आमच्याकडे एक मुलगी दोन वर्षं रक्तदाबाच्या टेबलावर बसायची. काम अगदी साधं. माणसाला पाच मिनिटं शांत बसू द्यायचं, पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर, दंड उघडा. मग दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधायचा, आकडा लिहायचा, कागद नर्सकडे द्यायचा. तिच्याकडे छपरांची कामं करणारा एक माणूस दर महिन्याला यायचा. बोटांना डांबर लागलेलं असायचं आणि जॅकेट काढायचा त्याला कंटाळा. तिचं स्पॅनिश कॉलेजात शिकलेलं, अडखळत बोलायची. पहिले काही महिने दोघांचं बोलणं 'कसे आहात, बरा आहे' याच्या पुढे गेलं नाही. रक्तदाब काही खाली येईना. डॉक्टर विचारायचे, गोळी रोज घेता का? तो दर वेळी म्हणायचा, हो.

सातव्या महिन्यात ती पाच मिनिटं मोजत असताना त्याने खिशातून डबी काढून तिला दाखवली. गोळ्या निम्म्या शिल्लक होत्या. तो दिवसाआड एक घेत होता. पुढच्या महिन्यात मुकादम सुट्टी देईल की नाही याची खात्री नसायची, म्हणून महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवत होता. हे त्याने डॉक्टरांना कधी सांगितलं नव्हतं, कारण डॉक्टर दर वेळी वेगळे असायचे. टेबलावरची मुलगी मात्र तीच असायची. तिने त्याला सल्ला दिला नाही, तो तिचा अधिकारच नव्हता. त्याला विचारून तिने नर्सला सांगितलं. डॉक्टरांनी त्याच दिवशी ९० दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या.

मला सांगा, हे तिसऱ्या आठवड्यात घडलं असतं का? सहा ठिकाणी सहा-सहा आठवडे काढणाऱ्या मुलाच्या वाट्याला असं काही येऊच शकत नाही. तो हुशार नसतो म्हणून नव्हे. माणसं ओळखीला वेळ घेतात म्हणून.

दुसरी बाजू दवाखान्याची. नवा स्वयंसेवक आला की त्याला रुग्णांच्या गोपनीयतेचे नियम शिकवायचे, नोंदणीची पद्धत दाखवायची, टीबीची चाचणी, फ्लूची लस, ओळखपत्र हे सगळं पाहायचं. पहिले दोन महिने तो आमचा वेळ घेतो आणि तिसऱ्यापासून द्यायला लागतो. दुसऱ्या महिन्यात जो निघून जातो, त्याला आम्ही शिकवलं पण रुग्णांच्या पदरात काही पडलं नाही. हे मी कुणाला टोचून बोलण्यासाठी सांगत नाही. मुलांच्या हे लक्षातच येत नाही, कुणीतरी सांगावं लागतं.

अठरा वर्षांच्या मुलाला एकदम एकच जागा कशी निवडता येईल?

येणार नाही, आणि निवडायचा हट्टही धरू नये. पहिलं वर्ष चाखून बघण्याचं असतं. रक्तदान शिबिर, फूड बँक, आरोग्य मेळा, लहान मुलांची शिकवणी, एक सेमिस्टर हॉस्पिटल, असं सगळं बघून घ्यावं. त्या वयात विविधतेचा खरा फायदा हाच, की आपल्याला काय सहन होतं आणि काय होत नाही ते कळतं. कुणाला लहान मुलांचं रडणं झेपत नाही, कुणाला वृद्धांचं संथ बोलणं, आणि कुणाला तेच आवडतं.

फक्त दोन पथ्यं. सुरुवातीलाच खरं सांगायचं, 'मी या सेमिस्टरपुरता आलो आहे, आवडलं तर राहीन.' आमच्यासारख्यांना त्यावरून काम ठरवता येतं. आणि अटी वाचायच्या. पुष्कळ हॉस्पिटलं सहा महिने किंवा १०० तासांची किमान हमी मागतात. सही केली की ती पाळायची.

जागा सापडली हे कसं ओळखायचं? मी आईवडिलांना एकच खूण सांगते. शिफ्ट संपवून मुलगा फोनवर काय बोलतो ते ऐका. 'आज चार तास झाले' एवढंच म्हणत असेल, तर अजून शोधू द्या. 'आज त्या आजी आल्याच नाहीत, बऱ्या असतील ना?' असं म्हणाला, तर जागा सापडली. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तिथे बस्तान बसवावं.

अर्जात अनुभवांसाठी १५ जागा असतात म्हणे. मग त्या भरायला नकोत का?

१५ ही कमाल मर्यादा आहे. एएमकॅस या एमडीच्या सामायिक अर्जात काम आणि उपक्रम मिळून १५ पर्यंत नोंदी करता येतात. त्यात पगारी काम, संशोधन, शॅडोइंग (डॉक्टरांच्या मागे राहून बघणं), छंद, पारितोषिकं, सगळंच आलं. प्रत्येक नोंदीला जागा ७०० अक्षरांची, म्हणजे अक्षरं, शब्द नव्हेत. त्यातल्या तीनपर्यंत नोंदी 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडता येतात आणि त्यांच्यासाठी आणखी १,३२५ अक्षरं मिळतात.

अर्जाची ही मांडणीच काय मागते ते बघा. तीन अनुभव असे हवेत, ज्यांच्याबद्दल दोन हजार अक्षरं खरं खरं लिहिता येईल. सहा आठवड्यांच्या कामाबद्दल तेवढं लिहायला बसलं की मुलं मोठे शब्द शोधायला लागतात. सहानुभूती, नेतृत्व, संवादकौशल्य. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. छपरावाल्या माणसाची गोष्ट जिच्याकडे आहे, तिला शब्द शोधावे लागत नाहीत. लांबच्या कामाचा आणखी एक फायदा म्हणजे शिफारसपत्र. जो पर्यवेक्षक मुलाला दोन वर्षं बघतो, तो पत्रात प्रसंग लिहू शकतो. दोन महिने बघणारा 'वक्तशीर आहे' यापलीकडे काय लिहिणार?

छोट्या गोष्टी चार-पाच असतील तर एकाच नोंदीत एकत्र लिहाव्यात. रिकाम्या राहिलेल्या जागांची भीती बाळगू नका.

टेक्ससमधल्या सरकारी मेड स्कूल्सचा अर्ज वेगळा असतो, डीओ म्हणजे ऑस्टिओपॅथिक कॉलेजांचाही वेगळा. रकाने बदलतात, वाचणाऱ्यांना जे हवं असतं ते बदलत नाही.

एकूण किती तास व्हायला हवेत?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि त्याच्यामागची काळजी मला समजते. पण सगळीकडे चालेल असा एक आकडा नाही. काही मेड स्कूल्स स्वतःची अपेक्षा संकेतस्थळावर लिहितात, ती तिथेच बघावी.

मी हिशेब असा मांडते. आठवड्याला तीन तास. वर्षाला दोन सेमिस्टर मिळून साधारण ३० आठवडे. तीन वर्षं. झाले २७० तास. परीक्षेचे आठवडे सोडून, अभ्यासाला धक्का न लावता. हे एका जागचं. उन्हाळ्यात गावात राहणार असाल तर तीनशेच्या वर सहज जाईल. अर्जात पूर्ण झालेले आणि पुढे अपेक्षित असलेले तास वेगवेगळे लिहिता येतात, त्यामुळे चालू असलेलं काम चालू म्हणूनच दिसतं. आणि वाचणारा एकूण तासांइतक्याच बारकाईने तारखा बघतो. एका उन्हाळ्यात घाईघाईने भरलेले २७० तास आणि तीन वर्षं पसरलेले २७० तास यांत त्याला फरक दिसतो.

तास जास्त दाखवू नका, एकानेही नको. प्रत्येक नोंदीसोबत संपर्काची व्यक्ती द्यावी लागते. मला स्वतःला अशा चौकशीला उत्तर द्यावं लागलं आहे, आणि मी वहीत असेल तेच सांगते.

मुलगी हॉस्पिटलमध्ये जाते, पण तिला नुसती ब्लँकेटं वाटायला आणि व्हीलचेअर ढकलायला लावतात. सोडू का म्हणते.

तिला सांगा, ब्लँकेट देताना कोण जागं आहे ते बघ. थंडी वाजणारा माणूस एकटा आहे की सोबत कुणी आहे? व्हीलचेअरवरून घरी निघालेली बाई खुशीत आहे की घाबरलेली? दारापर्यंतच्या त्या चार मिनिटांत माणसं खूप बोलतात, कारण पांढरा कोट घातलेलं कुणी समोर नसतं. बहुतेक मुलं या कामाला कमी लेखतात आणि तिथेच गमावतात.

तरीही सहा महिन्यांनंतर रुग्णाशी एक शब्दही बोलायला मिळत नसेल, दिवसभर तळघरात फायली लावायच्या असतील, तर आधी समन्वयकाकडे दुसरा विभाग मागावा. नाही म्हणाले तर जागा बदलावी. चिकाटी म्हणजे चुकीच्या खुर्चीत बसून राहणं नव्हे.

क्लिनिकल आणि बिगर-क्लिनिकल, दोन्ही हवं का?

हो. एक काम आजारी माणसांजवळचं आणि एक असं, जिथे आजाराचा संबंध नाही पण अडचणीतली माणसं आहेत. बेघरांचा निवारा, निर्वासित कुटुंबांची मदत, तुरुंगातून सुटलेल्यांना वाचायला शिकवणं, घरपोच जेवण. दोन खुंट्या पुरेत. त्यापलीकडची विविधता अधूनमधून, मन रमवायला.

हॉस्पिससाठी, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या सेवेसाठी, मुलाने नाव दिलं आहे. एवढ्या लहान वयात मरणाजवळ कशाला पाठवायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्या आईचा हात मी हातात घेते, कारण मी पण आई आहे. पण पाठवा, असंच सांगते.

हॉस्पिसमध्ये स्वयंसेवक शोभेपुरते नसतात. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचा नियमच आहे, की रुग्णसेवेच्या एकूण तासांच्या किमान ५ टक्के इतकं काम स्वयंसेवकांनी केलेलं असलं पाहिजे. त्यामुळे तिथे प्रशिक्षण मनापासून देतात आणि माणूस टिकावा म्हणून प्रयत्नही करतात. काम म्हणजे बहुधा एकाच माणसाला दर आठवड्याला भेटणं. एक मुलगा दर गुरुवारी एका आजोबांना बेसबॉलचे निकाल वाचून दाखवायचा. खेळातलं त्याला काही कळत नव्हतं. तो आदल्या रात्री संघांची नावं पाठ करून जायचा. एका गुरुवारी पलंग रिकामा होता, चादर बदललेली होती. त्याने घरी फोन केला आणि बराच वेळ बोललाच नाही. त्याच्या आईने शहाणपणाने वागून फोन ठेवला नाही, ती पण गप्प बसली. पुढच्या गुरुवारी तो परत गेला, दुसऱ्या कुणाकडे.

तुम्ही एवढंच बघा, की अशा दिवशी त्याला घरी फोन करावासा वाटेल.

घरात नुकताच कुणाचा मृत्यू झाला असेल तर मात्र थांबावं. पुष्कळ हॉस्पिस स्वतःच काही काळ थांबायला सांगतात, आणि ते बरोबर आहे.

माझा भाऊ सांगलीला सर्जन आहे. मुलाला उन्हाळ्यात दोन महिने पाठवतो. मामा ऑपरेशनला शेजारी उभं करेल, टाके घालायला देईल. अर्जात छाप पडेल ना?

पडेल, पण उलटी. कृपा करून हे करू नका.

जे काम मुलगा न्यू जर्सीत करू शकत नाही, ते त्याने सांगलीतही करायचं नाही. ज्याच्या पोटावर टाके घालायचे, तो माणूस गरीब आहे, डॉक्टरांपुढे 'नको' म्हणायला संकोचतो, म्हणून त्याच्यावर कुणाच्या भाच्याने हात साफ करून घ्यावा का? मामाचा हेतू प्रेमाचा असतो, मला माहीत आहे. माझ्या माहेरीही डॉक्टर आहेत. पण अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने, एएएमसीने, परदेशातल्या अशा अनुभवांबद्दल मुद्दाम मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्या याचसाठी. मुलाखतीत 'मी टाके घातले' असं अभिमानाने सांगणाऱ्या मुलाबद्दल समितीला एकच गोष्ट कळते. आपली मर्यादा कुठे संपते हे याला कळत नाही.

पाठवायचंच असेल तर बघायला पाठवा. सकाळच्या ओपीडीत कोपऱ्यात स्टुलावर बसू दे, रुग्णाला विचारून. कोण किती लांबून एसटीने आलं, सोबत कोण आहे, फी किती आणि ती देताना कुणी पदराची गाठ सोडली, औषधाची चिठ्ठी कुणाला वाचता आली नाही, हे रोज रात्री वहीत लिहू दे. सिस्टर लोकांशी बोलू दे. दोन महिन्यांऐवजी तीन आठवडे जाऊ दे, पण तीन उन्हाळे, त्याच ठिकाणी. दुसऱ्या वर्षी त्याला चेहरे ओळखू येतील. सातत्य असंही असतं.

महाराष्ट्रातलं सामाजिक आरोग्याचं काम त्याने समजून घेतलं तर मला फार आनंद होईल. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेवक म्हणून तयार केलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली, आणि तिथे गावातल्या बायका घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकल्या. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७४ च्या सुमाराला हेमलकशात राहायला गेले ते कायमचेच. एका जागी पाय रोवून राहिल्याने काय होतं, याची इतकी उदाहरणं आपल्या घरात आहेत. मात्र यांतल्या कुठल्याही ठिकाणी 'अमेरिकेहून आलोय' म्हणून उठून जायचं नाही. आधी लिहायचं, ते काय म्हणतात ते मानायचं. आपल्या मुलाच्या अर्जासाठी ती ठिकाणं उभी राहिलेली नाहीत.

मराठी मंडळातलं काम धरतात का? गणेशोत्सव, मराठी शाळा?

धरतात. मराठी शाळेत चार वर्षं दर रविवारी लहान मुलांना बाराखडी शिकवणं हे खरं, टिकाऊ काम आहे आणि ते अभिमानाने लिहावं. गणेशोत्सवात दोन दिवस पार्किंग सांभाळणं हे घरचं काम आहे, ते घरच्यासारखं करावं आणि अर्जात त्याला वजन देऊ नये.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. तेवढ्यावर थांबू नका. डॉक्टर झाल्यावर समोर येणारा माणूस आपल्या भाषेचा, आपल्या पगाराचा, आपल्यासारखं घर असलेला असेलच असं नाही. आपली मुलं चांगल्या शाळांच्या गावात वाढतात. दहा मैलांवरच्या बसस्टॉपवर कोण उभं असतं हे पुष्कळांना कॉलेजात गेल्यावर कळतं. दुसरी खुंटी तिकडे ठोकावी.

मुलीला मराठी, हिंदी छान येतं. हॉस्पिटलमध्ये दुभाषी म्हणून काम करू दे का?

प्रशिक्षणाशिवाय नको. 'छातीत धडधडतं' आणि 'छातीत दुखतं' यांतली गफलत महागात पडते. वैद्यकीय दुभाषाच्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी किमान ४० तासांचं प्रशिक्षण लागतं. तिने ते जरूर करावं. उपयोग आयुष्यभर होईल. तोपर्यंत आजीला स्वच्छतागृह कुठे आहे ते सांगावं, तिच्याशी गप्पा माराव्यात. भारतातून मुलांकडे आलेल्या आजीआजोबांना हॉस्पिटलमध्ये मराठी ऐकू आलं की त्यांचा चेहरा कसा खुलतो, ते मी पाहिलं आहे.

घरची परिस्थिती बेताची आहे. मुलगा फुकट काम कसं करणार?

त्याने पगारी काम करावं. ईएमटी (रुग्णवाहिकेवरचा तातडीच्या मदतीचा कर्मचारी), सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट (नर्सचा मदतनीस), मेडिकल स्क्राइब (डॉक्टरांसाठी नोंदी लिहिणारा) ही सगळी रुग्णांजवळची कामं आहेत आणि क्लिनिकल अनुभवातच धरली जातात. किराणा दुकानात उभं राहून घराला हातभार लावला असेल तर तेही लिहावं, न लाजता. दोन वर्षं एकाच दुकानात कामावर वेळेवर पोचणारा मुलगा काय आहे हे समितीला कळतं. शिवाय आठवड्याला दोन तास कुठेतरी देता आले तर उत्तम.

शॅडोइंग म्हणजे स्वयंसेवाच ना?

नाही. शॅडोइंगमध्ये डॉक्टरांच्या मागे राहून बघायचं असतं. अर्जात त्याचा रकानाही वेगळा असतो. इथे विविधता चांगली. फॅमिली मेडिसिन, शस्त्रक्रिया, मानसोपचार, प्रत्येकी काही दिवस.

आम्ही एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, आहोत. मुलाला स्वयंसेवा करता येते का?

सेवाभावी संस्थेत, जे काम सगळेच विनामोबदला करतात, ते येतं. एरवी पगार देऊन करून घेतलं जाणारं काम 'फुकट करतो' म्हणून करता येत नाही, आणि वरच्या उत्तरातली पगारी कामं नोकरीच्या परवान्याशिवाय अजिबात नाहीत. शंका असेल तर वकिलाला विचारा. आणि एक कठीण गोष्ट आधीच समजून घ्या. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसलेल्या विद्यार्थ्यांना अनेक मेड स्कूल्स प्रवेशच देत नाहीत. यादी करताना हे पहिलं बघा.

स्वतःची ना-नफा संस्था काढली तर? नेतृत्व दिसेल.

दर वर्षी एखादे बाबा मला नोंदणीचे कागद दाखवतात. अध्यक्ष मुलगा, सचिव त्याची बहीण, दोन कार्यक्रम, एक सुंदर संकेतस्थळ. मुलगा कॉलेज सोडून जातो आणि संस्था तिथेच थांबते. माझ्या मते तेवढीच ताकद चालू असलेल्या ठिकाणी लावावी.

आमच्याकडे एका मुलाने दीड वर्ष नोंदणीच्या खिडकीत बसल्यावर ओळखलं, की माणसं पुढच्या भेटीला का चुकतात. आमची चिठ्ठी इंग्रजीत, बारीक अक्षरात होती आणि बस कुठली हे तिच्यावर नव्हतंच. त्याने मोठ्या अक्षरातलं कार्ड केलं, स्पॅनिश आणि हैतियन क्रिओल (हैतीहून आलेल्यांची भाषा) यांत, जाणकारांकडून तपासून घेऊन. मागच्या बाजूला बसचा नंबर आणि शेवटच्या बसची वेळ. तो जाऊन चार वर्षं झाली, आम्ही अजून तेच कार्ड छापतो. खिडकीत दीड वर्ष बसल्याशिवाय त्याला हे दिसलं नसतं.

मध्येच सोडावं लागलं तर? एमकॅट आहे, नापास व्हायची वेळ आली आहे.

अभ्यास बुडत असेल तर तास कमी करा, थांबा, काहीही बिघडत नाही. आधी सांगा, एवढंच. दोन आठवडे आधी सांगितलं की मी दुसरं कुणी शोधू शकते. न सांगता गायब झालेल्या मुलाची खुर्ची त्या मंगळवारी रिकामी राहते आणि रांग दाराबाहेर जाते. जाताना पुढच्याला आपलं काम शिकवून जा, आणि ज्यांच्याशी ओळख झाली त्यांचा निरोप घ्या. परत आलात तर दार उघडंच असतं. पुष्कळ मुलं एमकॅटनंतर परत आली आहेत.

हे सगळं करून मुलाला वाटलं की आपल्याला डॉक्टर व्हायचंच नाही, तर?

तर त्या तासांनी आपलं काम केलं. एका मुलाने दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मला सांगितलं, की त्याला औषधांपेक्षा लोकांची घरं, भाडं, कागदपत्रं यांत जास्त गुंतायला होतं. आईवडिलांना सांगायला तो तीन महिने घाबरत होता. आता तो सोशल वर्कर आहे. त्याच्या आईबाबांना सुरुवातीला जड गेलं, त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मी पाहिलं आहे. तुमच्या घरी तो दिवस आला तर आधी पूर्ण ऐकून घ्या.

ठीक आहे. सुरुवात नेमकी कधी आणि कशी करायची?

ऑगस्टमध्ये. अर्ज, पार्श्वभूमीची तपासणी, टीबीची चाचणी, लसींचे कागद, ओरिएंटेशन यांत चार ते आठ आठवडे सहज जातात. सप्टेंबरच्या शेवटी जागं झालं की पहिलं सेमिस्टर हातातून गेलंच. हॉस्पिटलच्या स्वयंसेवा विभागाला, मोफत दवाखान्याला आणि एखाद्या निवाऱ्याला, अशा तीन ठिकाणी फोन करायचा. विचारायचं ते हे: किमान किती महिने अपेक्षित आहेत? रुग्णांशी प्रत्यक्ष बोलायला मिळेल का? सहा महिन्यांनी काम बदलून मागता येतं का? परीक्षेच्या आठवड्यांत काय करता? आणि आत्ता तुम्हाला कुठल्या दिवशी माणूस कमी पडतो? शेवटचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाचं नाव मी लगेच लिहून घेते.

फोन मात्र मुलानेच करायचा. आईचा किंवा बाबांचा आला, तर मी त्यांच्याशी मनापासून बोलते, चौकशी करते, आणि मुलाला फोन करायला सांगा म्हणते.